हिलाल आबांच्या राजाची उडी

हिलाल आबांवर काहीतरी लिहा, असं आजवर मला चार-पाच जणांनी सांगितलं. साक्रीच्या वाचनालयाच्या अंकासाठी तर दोनदा पत्र आलं. दोन्ही वेळा मी तब्येत बरी नसल्याचं कळवलं. तेव्हा तब्येत ठणठणीत होती. आता ती खरोखरच बरी नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. आबांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट सांगावीच लागते, आणि ती टाळण्यात माझी पस्तीस वर्षं गेली.

आधी माणूस सांगतो.

बुद्धिबळात समोरच्याचा घोडा मारला की हिलाल आबा तो पटाबाहेर टाकत नसत. डोळ्यांजवळ नेत, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत आणि मांडीवर पसरलेल्या उपरण्यावर त्याला आडवं निजवत. वजीर, उंट, हत्ती, अगदी प्यादंसुद्धा असंच निजायचं. डाव संपला की एकेकाला उठवून डबीत ठेवायचे. सगळी मोहरी एकदम ओतलेली त्यांना खपत नसत. "लागी जाई त्यासले," म्हणायचे.

आबा साक्रीच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. सरकारी कागदावर त्यांचं पद 'व्रणोपचारक' असं होतं. हा शब्द त्यांनी जन्मात कधी उच्चारला नाही. मी पंचायत समितीत लेखनिक होतो, त्यामुळे मला तो दर महिन्याला लिहावा लागे. लोक त्यांना ढोरांचे डॉक्टर म्हणत. खरे डॉक्टर निराळे होते, पण बैल अडला की तेसुद्धा आबांनाच हाक मारत. उंच, वाळकी अंगकाठी, खाकी शर्टाला फिनाईलचा वास. वाचनालयात आबा आले आहेत हे वर न बघता कळायचं.

वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी सहा ते आठ आमचा बुद्धिबळाचा अड्डा असे. त्या मंडळाचा चिटणीस मी. पट दोन, खेळणारे सहा-सात, आणि बघणारे जितके जिन्यात मावतील तितके. आबा समोर बसले की माणसाकडेही जनावरासारखं बघत. म्हणजे प्रेमाने, पण तपासून.

"भाऊसाहेब, तुमना उंट काही तरी करणार शे."

"कशावरून?"

"कान लाल व्हयनात. ढोर बोलत नही, त्याना कान बोलतस."

जिन्यातले लोक माझे कान बघायला पुढे सरसावत. मी कान झाकून खेळायचा प्रयत्न केला, तर आबा म्हणाले, "आते नाक."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे आठवण. "ध्यानमा शे" हे त्यांच्या तोंडी सतत असे. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी कुठल्या घरात वजीर घातला होता, हे ते पटावर मांडून दाखवत. आठवडी बाजारात अनोळखी शेतकऱ्याच्या बैलापाशी थांबून सांगत, "याले मी चार वरीस पयले सुई दिधी. मांगला डावा पाय." शेतकरी बैलाकडे बघायचा, बैल आबांकडे. दोघांनाही आठवायचं. औषधांचे डोस त्यांना तोंडपाठ होते. दवाखान्यात नोंदवही होती, पण डॉक्टर गमतीने म्हणायचे की वही चुकली तर आपण हिलालला विचारून दुरुस्त करतो. आबांना शाळा चौथीपर्यंतच मिळाली होती. आठवण हीच त्यांची पदवी होती, आणि ती ते छातीवर मिरवत.

ते खेळायचे जुन्या पद्धतीने. आमच्या भागातल्या त्या खेळात समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरला, तर त्याला बुर्जी म्हणतात आणि तो डाव जिंकला असं धरत नाहीत. म्हणून शेवटचं एक प्यादं जिवंत ठेवून मात करावी लागते. आबा ते प्यादं नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखं जपायचे. आपलाच हत्ती त्याच्या अंगावर जाणार असं दिसलं की हत्तीला आडोशाला नेत. कुणी हसलं तर म्हणत, "बठ्ठं मारी टाकं ते राजा राज कोनावर करी?"

जुन्या खेळात आणखी एक सवलत होती. राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. एकदाच, आणि तोवर त्याला शह बसलेला नसला पाहिजे. आबा ही उडी सहसा वापरतच नसत. ती शिल्लक आहे एवढ्यावरच ते निवांत असत.

तीन वर्षं मी त्यांच्याकडून हरलो. अधूनमधून नव्हे, रोज. सकाळी कचेरीत कुणीतरी विचारायचं, "भाऊसाहेब, काल पुन्हा ढोरांच्या दवाखान्यात दाखल?" मी हसायचो. पण घरी गेल्यावर बायकोवर उगाच ओरडायचो. पंचायत समितीचा लेखनिक, मंडळाचा चिटणीस, आंतरराष्ट्रीय नियमांची पुस्तिका मागवून वाचलेला साक्रीतला एकमेव माणूस, आणि हरतो कुणाकडून, तर ज्याचं पगारपत्रक तोच लिहितो त्याच्याकडून. हे मला टोचत होतं. आज ते लिहितानाही बरं वाटत नाही, पण ते टोचत होतं हे खरं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याला एका शाळेच्या सभागृहात दोन दिवसांची स्पर्धा निघाली. आमच्याकडून दोन नावं हवी होती. एक माझं होतं. दुसरं कुणाचं, यावर माडीवर मतभेद व्हायला जागाच नव्हती. अडचण एवढीच की तिथे खेळ नव्या नियमांनी होणार होता. मी म्हणालो, "मी शिकवतो आबांना."

आठ दिवस रोज संध्याकाळी मी शिकवलं. पहिल्या दिवशी प्याद्याची सुरुवातीची दोन घरं. दुसऱ्या दिवशी किल्लेकोट. तिसऱ्या दिवशी, शेवटच्या घरात गेलेल्या प्याद्याचं काय करायचं ते. मग हेही की आता बुर्जीला घाबरायचं कारण नाही, सगळं मारलं तरी चालतं. हे त्यांना पचलं नाही. "चालस, पन बरं दिसत नही," म्हणाले. पण शिकले भराभर. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. नव्या नियमांच्या पहिल्या दोन डावांत मी जिंकलो. तिसऱ्यापासून पुन्हा हरू लागलो.

राजाची उडी नव्या खेळात नाही, हे सांगायचं राहून गेलं. खरोखर राहून गेलं. सरावाच्या एकाही डावात त्यांनी ती मारली नाही, त्यामुळे विषय निघाला नाही. इथपर्यंत माझी चूक म्हणजे नुसती चूक होती.

पहाटेच्या एसटीने आम्ही धुळ्याला निघालो. आबांच्या मांडीवर खुंट्यांचा छोटा प्रवासी पट होता. माझाच, मी त्यांना दिलेला. नेर मागे पडलं आणि ते पटाकडे बघत समाधानाने म्हणाले, "भाऊसाहेब, उडी शिल्लक शे तोवर राजाले भ्याव नही."

माझ्या लक्षात आलं. सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात कंडक्टर आला, तिकिटं बघून पुढे गेला. मी तोंड मिटलं होतं, ते पुन्हा उघडलं नाही. मनात म्हटलं, कुसुंबा आलं की सांगू. कुसुंबा आलं. दोन बायका टोपल्या घेऊन चढल्या, आबांनी त्यांना जागा करून दिली आणि उभे राहिले. आता उभ्या माणसाला काय सांगायचं. धुळे आलं. उतरल्यावर आबांना चहा हवा होता. चहा पीत ते एका टांग्याच्या घोड्याचे खूर तपासत बसले. अर्धं वाक्य. एवढंच लागलं असतं. ते मी बोललो नाही, आणि आत कुठेतरी, सांगायला लाज वाटते, बरंही वाटत होतं.

स्पर्धेच्या पाच फेऱ्या होत्या. पहिल्या चार फेऱ्यांत माझं लक्ष माझ्या पटावर कमी आणि आबांच्या राजावर जास्त होतं. मान वळवून बघायचो. राजा जागेवर असला की सुटल्यासारखं वाटायचं, आणि थोडी निराशाही व्हायची. आबा मात्र मजेत होते. आयुष्यात पहिल्यांदाच इतके नवे लोक खेळायला मिळाले होते. प्रत्येकाचे कान निराळे. जिंकल्यावर ते हरलेल्याला सांगायचे की तू छान खेळलास, फक्त पाणी कमी पितोस. मारलेली मोहरी उपरण्यावर निजलेली बघून कॉलेजची मुलं हसत होती, पण दुसऱ्या दिवशी तीच त्यांच्या पाठीमागे गर्दी करून उभी होती. आम्ही दोघांनीही चारही डाव जिंकले. शेवटच्या फेरीत समोरासमोर आलो.

"घरचाच मानूस," आबा बसताना म्हणाले. "बरं व्हयनं."

त्या डावात मी चौथ्यांदा हरत होतो असं म्हणायला हरकत नाही, कारण मनातल्या मनात तो तीनदा हरून झाला होता. माझा एक हत्ती गेला होता. उरला होता एकच हल्ला. वजीर त्यांच्या राजाजवळ नेऊन ठेवला, शह नव्हता, पण पुढच्या चालीला मात होती. तो हल्ला फुसका होता. त्यांनी एक प्यादं एक घर पुढे सरकवलं असतं तर तिथेच संपला असता, आणि मीही. ते प्यादं त्यांना दिसलं नसेल असं मी मानत नाही. पण उडी जास्त चांगली होती. उडी मारून राजा बाहेर पडला असता आणि माझा वजीर अडकला असता. सगळं सभागृह भोवती जमलं होतं. आबांनी माझ्या कानांकडे पाहिलं, गालात हसले, राजा उचलला आणि दोन घरं पुढे, एक बाजूला, अलगद ठेवला.

मी हात वर केला.

पंच आले. धुळ्यातलेच कुठलेसे प्राध्यापक, चष्मा कपाळावर. पटाकडे बघून म्हणाले, "काका, ही काय चाल?"

"उडी."

"कसली उडी?"

"राजानी. एक डाव ऱ्हास ना."

मागून कुणीतरी म्हणालं, "राजा आहे की बेडूक?" हशा पिकला. आबाही हसले, कारण विनोद चांगला होता. पंचांनी मला विचारलं, "तुम्ही दोघं एकाच गावचे ना? यांना नियम माहीत नाहीत का?"

तेव्हा मी जे म्हणालो त्यासाठी हा सगळा मजकूर.

मी म्हणालो, "माहीत आहेत. मीच शिकवलेत. हाही सांगितला होता."

हशा थांबला. हसण्यासारखी गोष्ट आता रडीची झाली होती. आबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी कानांकडे नाही, सरळ डोळ्यांत.

"सांगेल व्हतं?"

"हो."

"कव्हय?"

"पहिल्याच दिवशी. प्याद्यांच्या आधी." हे इतकं सहज कसं सुचलं मला माहीत नाही.

 आबांच्या कपाळावर आठ्या आल्या. ते आतल्या आत शोधत होते, जसे बाजारात बैलाच्या पाठीवर हात ठेवून जुनी सुई शोधत. मग पंचांना म्हणाले, "भाऊसाहेबनी सांगेल व्हई. मीच इसरी गवू."

हात लावलेलं मोहरंच हलवावं लागतं हा नियम. राजाला जायला एकच घर होतं, कोपऱ्यातलं. पुढच्या चालीला मात झाली. मला कप मिळाला.

परतीच्या गाडीत मी झोपेचं सोंग घेतलं. आबा शेजारी बोटांवर मोजत पुटपुटत होते. "पयला दिन, प्यादानी दोन घरं. दुसरा दिन, किल्लेकोट." पुन्हा पहिल्यापासून. मग माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, "प्यादास्ना पयले ना?"

"हो."

"मंग मी तंबाखू मळत व्हसू."

बाजारात थट्टा सुरू झाली. "आबा, बैलले घोडानी सुई नका देवू." ती ते सोसत, उलट उत्तरही देत. लोकांनी रडी खेळला म्हटलं, त्याचंही त्यांना फार वाटलं नसावं, कारण आपण रडी केली नाही हे त्यांना ठाऊक होतं. लागलं ते निराळंच. महिन्याभरात त्यांच्या खिशात एक वही आली. बाजारात एका म्हाताऱ्याने म्हैस पुढे करून विचारलं, "आबा, हाई ध्यानमा शे का?" आबा म्हणाले, "वही दखनी पडी." मी पलीकडच्या दुकानात बिडी घेत होतो. बिडी तशीच टाकली.

मग दवाखान्यातले डॉक्टर एकदा कचेरीत आले आणि म्हणाले, "हिलालला झालंय काय? वीस वर्षं डोस तोंडपाठ असलेला माणूस. आता दर वेळी येऊन विचारतो. सुई हातात धरून पुन्हा विचारतो. परवा तर म्हणाला, तुम्हीच टोचा, मनं ध्यान आते भरोसानं नही."

त्या क्षणी खरं सांगायला खोलीत तिसरा माणूसही नव्हता. मी म्हणालो, "वय झालं."

आबा तेव्हा चौपन्न वर्षांचे होते.

मी माडीवर जाणं बंद केलं. आबा सहा वाजता येत, पट मांडत आणि दाराकडे तोंड करून बसत, असं कळायचं. दुसऱ्या कुणाशी फारसे खेळत नसत. एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. वही उघडून माझ्यापुढे धरली. मोठ्या, वाकड्या अक्षरांत सगळे नियम लिहिले होते. पहिला नियम: राजाले उडी नही. खाली दोन रेघा.

"आते बठ्ठं लिखी लिधं, भाऊसाहेब. या ना खेयाले."

मी म्हणालो, मार्चअखेर आहे, काम फार आहे. तेव्हा डिसेंबर चालू होता. पुढच्या वर्षी मी जळगावला बदली मागून घेतली.

सात-आठ वर्षांनी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी साक्रीला गेलो. या वेळी सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. वाक्यं पाठ केली होती. आबा निवृत्त होऊन कोंडाईबारीकडच्या आपल्या खेड्यात राहत होते. दुपारी पोहोचलो. सून ओट्यावर मिरच्या निवडत होती. मी नाव सांगितलं तर उठून उभी राहिली. "तुम्हीच का ते? आबा नेम्मी तुमनं नाव काढतस." मग आत हाक दिली, "आबा, दखा कोन उनं."

घराच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं. गोठ्याची कडी लावली. गोळी घेतली. गाय दोनदा पाजली. मी तिकडे बघतोय हे पाहून सून हळूच म्हणाली, "इसरत काहीच नहीत. मना लगीनमा कोनी काय आहेर करा ते बी सांगतस. पन सोतावर भरोसा नही. बठ्ठं लिखतस."

आबा बाहेर आले. आणखी वाळले होते. फिनाईलचा वास गेला होता. मला बघून त्यांनी आधी माझा हात धरला, मग कान बघितले आणि म्हणाले, "रक्त कमी शे. पालक खात जा." मग पट आणला. मोहरी एकेक उभी केली. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य सुरू केलं. "आबा, धुळ्याला त्या दिवशी..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते खूप दिवस कशाची तरी वाट बघत असावेत असा तो हात होता.

"भाऊसाहेब, मीच म्हननार व्हतू," ते म्हणाले. "तुम्ही आठ दिन मनासाठे येळ काढा, इतलं शिकाडं, आनि मी चार मानसंमा तुमनी मान खाले घाली. गुरूनं नाव बुडाडं. म्हनीसन तुम्ही माडीवर येनं सोडं, माले समजस. राग धरू नका."

सून चहा घेऊन आली. आबांनी तिला सांगितलं, हेच ते, ज्यांनी मला नवा खेळ शिकवला. तिने वाकून मला नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात, सभागृहात वर केलेला.

आम्ही एक डाव खेळलो. नव्या नियमांनी, त्यांच्याच आग्रहावरून. प्रत्येक चालीआधी ते वहीत बघत होते. मी जिंकलो. त्यांच्याविरुद्ध मी पटावर सरळ जिंकलेला सरावानंतरचा तो पहिलाच डाव, आणि त्यांना त्याचा खरोखर आनंद झाला. शेवटच्या एसटीची वेळ झाली. थांब्यापर्यंत सोडायला आले. गाडी यायला दहा मिनिटं होती. आम्ही कपाशीबद्दल बोललो, सूनबाईबद्दल बोललो, माझ्या गुडघ्याबद्दल बोललो. गाडी आली तेव्हा मी म्हणालो, "चहा छान होता."

दोन वर्षांनी आबा गेल्याचं पत्र त्यांच्या सुनेने पाठवलं. अक्षर तिचं होतं. आबांची ती नियमांची वही तिने पाठवली नव्हती, आणि मी मागितली नाही.

त्या थांब्यावर दहा मिनिटांत जे वाक्य मला जमलं नाही, ते इथे लिहितो. आबा, तुम्ही काहीच विसरला नव्हतात. ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.